दोन तासांत साल्मोनेला सापडतो का?

भोसरीतल्या एका युनिटच्या गुणवत्ता विभागातल्या ताईंनी विचारलंय. त्यांच्याकडे श्रीखंड, पनीर, गोडा मसाला आणि कांदा-लसूण मसाला बनतो. मालकांनी रिअल-टाइम पीसीआर मशीन (जिवाणूचा डीएनए ट्यूबमध्ये वाढवून शोधणारं) घ्यायचं मनावर घेतलंय, कारण विक्रेत्यानं सांगितलं, ‘नमुना घाला, दोन तासांत साल्मोनेला, लिस्टेरिया, ई. कोलाय, सगळं समोर.’ (हे तिन्ही अन्नातून आजार करू शकणारे जिवाणू.) हे कितपत खरं? आणि दुसरं, गेल्या महिन्यात बाहेरच्या प्रयोगशाळेतून गोडा मसाल्याचा रिपोर्ट आला. पीसीआर पॉझिटिव्ह, प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या बशीत, मात्र काहीच नाही. माल गोदामात अडकलाय. ऐकायचं कुणाचं?

अन्नाच्या सूक्ष्मजीव तपासणीत मला २२ वर्षं झाली, त्यातली १४ पीसीआरच्या संगतीत. जरा सविस्तर लिहिते, कारण दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे.

विक्रेता खोटं बोलत नाहीये, अर्धंच सांगतोय. ट्यूब मशीनमध्ये ठेवल्यापासून पडद्यावर आलेख उमटेपर्यंत दीड-दोन तासच लागतात. पण त्या ट्यूबमध्ये जे घालायचं ते तयार व्हायला जो आख्खा दिवस जातो, तो त्याच्या माहितीपत्रकात नसतो.

कागद-पेन घेऊन बसा. दुग्धजन्य पदार्थांत २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला अजिबात नको, हा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा निकष. म्हणजे आपल्याला शोधायची आहे ती कदाचित एकुलती एक जिवंत पेशी. २५ ग्रॅम पनीर २२५ मिली पेप्टोनच्या ब्रॉथमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या पोषक पाण्यात टाकलं, पिशवी स्टोमॅकर नावाच्या यंत्रात मळून घेतली. झालं २५० मिली पिठूळ पाणी, आणि त्यात कुठेतरी आपली ती पेशी. त्यातून डीएनए काढायला घेतो १ मिली. ती पेशी नेमकी त्या मिलीत येण्याची शक्यता २५० त एक. या १ मिलीतला डीएनए शेवटी उतरतो १०० मायक्रोलिटरमध्ये आणि त्यातले पीसीआरच्या ट्यूबमध्ये जातात ५ मायक्रोलिटर, म्हणजे विसावा हिस्सा. २५० गुणिले २०. पाच हजारांत एक! एवढ्या भरवशावर ‘दोन तासांत निगेटिव्ह’ असा रिपोर्ट देणारा माणूस लॉटरीचं तिकीट विकतोय.

म्हणून आधी ब्रॉथ रात्रभर ३७ अंशांना ठेवायचा, त्या एका पेशीची लाखो होऊ द्यायची. मिलीमागे दहा हजार पेशी झाल्या की पीसीआर डोळे झाकून पकडतो. २५० मिलीला हिशेब केला तर एका पेशीच्या २५ लाख व्हायला हव्यात, म्हणजे साधारण २१ वेळा दुप्पट. साल्मोनेला खूश असेल तर पंचवीसेक मिनिटांत दुप्पट होतो, त्या हिशेबानं पावणेनऊ तास झाले. पण मसाल्यात महिनोन्‌महिने कोरडा पडून राहिलेला, किंवा पनीरच्या उष्णतेतून अर्धमेला वाचलेला जिवाणू लगेच कामाला लागत नाही. आधी स्वतःची डागडुजी करतो, त्यात काही तास जातात. साल्मोनेला शोधायच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ६५७९ मध्ये, १८ तास लिहिलेत ते असेच नाहीत. दूध पावडरीच्या बाबतीत तर ती ब्रॉथवर अलगद पसरून तासभर हलवायचीही नाही असा दंडक आहे. कोरड्या पेशीला एकदम पाण्यात बुडवलं की ती फुटते, आणि मग आपण प्रामाणिकपणे निगेटिव्ह रिपोर्ट लिहितो.

थोडक्यात वेळेचा हिशेब असा: प्लेटच्या पारंपरिक पद्धतीनं निगेटिव्ह म्हणायला तीन-चार दिवस, पॉझिटिव्ह पक्कं करायला पाच ते सात. पीसीआरनं निगेटिव्ह दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. हा फायदा खरा आहे, मोठाही आहे. श्रीखंडासारख्या मालाला दोन-तीन दिवस वाचणं म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. फक्त तो ‘दोन तास’ नाही.

आता माझ्या मते यातली सगळ्यात कामाची गोष्ट. या पद्धतीत दुप्पट होणं दोनदा घडतं. एकदा ब्रॉथमध्ये, तिथे दुप्पट होतात पेशी, आणि होतात त्या फक्त जिवंत पेशी. दुसऱ्यांदा ट्यूबमध्ये, तिथे दुप्पट होतो डीएनए. ९५ अंशांना दोन धागे सुटे करायचे, तापमान उतरवून प्रायमर (शोधायच्या जनुकाला जुळणारे डीएनएचे छोटे तुकडे) आपापल्या जागी बसू द्यायचे, पॉलिमरेझ या एन्झाइमनं नवा धागा विणायचा, आणि असं चाळीस वेळा. ट्यूबमध्ये प्रोब, म्हणजे चमकणारा रंग लावलेला डीएनएचा तुकडा, टाकलेला असतो, डीएनए वाढला की तो चमकतो. चमक ठरलेल्या रेषेवर जाते त्या फेरीचा आकडा म्हणजे सीटी. डीएनए दहापट जास्त असेल तर सीटी सुमारे ३.३ नं खाली येतो. पण ट्यूबमधल्या या दुपटीला जिवंत-मेलेलं कळत नाही. कालचा, परवाचा, भाजून मेलेला, शेजारच्या टेबलावरून उडून आलेला, डीएनए दिसला की ती दुप्पट करत सुटते. पहिली दुप्पट चोखंदळ आणि नाजूक, दुसरी आंधळी आणि ताकदवान. पीसीआरमधल्या जवळजवळ सगळ्या भानगडी या दोघींपैकी एकीने दगा दिल्यामुळे होतात.

तुमच्या मसाल्यांपासूनच सुरुवात करू, कारण तिथे दोघीही दगा देतात.

गोडा मसाल्याचा डीएनए काढला की ट्यूबमध्ये पाण्यासारखा नितळ थेंब दिसायला हवा. माझ्याकडे पहिल्यांदा आला तो कोऱ्या चहाच्या रंगाचा होता. दगडफूल, लवंग, दालचिनी, नागकेशर यांतली पॉलिफेनॉलं, वर तिळाचं आणि खोबऱ्याचं तेल. पीसीआरचं टॅक पॉलिमरेझ मूळचं गरम पाण्याच्या झऱ्यात राहणाऱ्या जिवाणूचं, ९५ अंशांचं त्याला काही वाटत नाही. पण या काढ्यापुढे हात टेकतं. त्या दिवशी पडद्यावर सगळ्या रेषा सपाट होत्या, आणि आमच्यातला एक नवा मुलगा आनंदानं म्हणाला, ‘सगळे निगेटिव्ह!’ खरं तर काहीच झालं नव्हतं. यासाठी प्रत्येक ट्यूबमध्ये अन्नाशी संबंध नसलेला डीएनएचा एक तुकडा मुद्दाम घालतात, त्याला अंतर्गत कंट्रोल म्हणतात. तो चमकला नाही तर ती ट्यूब निगेटिव्ह नाही, ती मुकी आहे. मग डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावायचा, किंवा ट्यूबमध्ये थोडं बीएसए हे प्रथिन घालायचं, किंवा डीएनए काढण्याआधी गाळ सेंट्रिफ्यूजमध्ये दोनदा धुऊन घ्यायचा. आम्ही बहुतेक वेळा पातळ करण्यावरच भागवतो. तुमच्या रिपोर्टवर अंतर्गत कंट्रोलचा उल्लेख नसेल तर विचारा. तो हक्क आहे तुमचा.

पण इथेच एक सापळा आहे, आणि अनुभवी लोकही त्यात पडतात. अंतर्गत कंट्रोल फक्त ट्यूबवर नजर ठेवतो, आदल्या रात्री ब्रॉथमध्ये काय घडलं याची त्याला खबर नसते. लवंग आणि दालचिनी जिवाणू मारतात, आजी दातदुखीला लवंग उगाच देत नव्हती. नेहमीसारखा एकास दहा ब्रॉथ घेतला तर तो ब्रॉथच जंतुनाशक होऊन बसतो. साल्मोनेला जिवंत होता, आपणच रात्रभर त्याला लवंगेच्या काढ्यात ठेवलं, तो वाढला नाही. सकाळी डीएनए पातळ करून लावला, अंतर्गत कंट्रोल छान चमकला, साल्मोनेलाची रेषा सपाट. रिपोर्ट अगदी देखणा आणि साफ चुकीचा. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएच्या नियमपुस्तकात दालचिनीला एकास शंभर आणि लवंगेला एकास हजार ब्रॉथ सांगितलाय. २५ ग्रॅम लवंगेला २५ लिटर! एवढ्या ब्रॉथला इन्क्युबेटर कुठून आणायचा हा प्रश्न तेव्हा आम्हालाही पडला होता. तुमच्या मसाल्यात लवंग थोडी असते, त्यामुळे एवढं टोक गाठावं लागत नाही, पण एकास दहावर भागेल असं गृहीतही धरता येत नाही. कांदा-लसणाचं वेगळंच आहे. त्यातले गंधकाचे पदार्थ मारक असतात, त्यांना गप्प करायला ब्रॉथमध्ये अर्धा टक्का पोटॅशियम सल्फाइट घालतात. श्रीखंडाला आंबटपणाची अडचण, तिथे जास्त बफर असलेला पेप्टोन लागतो.

मग आपल्या मालाला किती ब्रॉथ पुरेल हे कळणार कसं? एकच मार्ग आहे: मुद्दाम दूषित करून बघायचं. स्वच्छ मसाल्याचे २५ ग्रॅमचे नमुने घ्यायचे, त्यात साल्मोनेलाच्या मोजून पाच-दहा पेशी सोडायच्या, आणि सगळी पद्धत पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवायची. सापडल्या तर पद्धत चालते. एकास दहात न सापडता एकास शंभरात सापडल्या, तर उत्तर मिळालं. प्रमाणित जिवाणू मिळवायला पुणेकरांना लांब जावं लागत नाही, पाषाणला एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, एनसीआयएम हा सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. औषध कंपन्यांत नेहमी वापरला जाणारा साल्मोनेला अबोनी तिथला २२५७ क्रमांकाचा. पण हा प्रयोग तुमच्या कारखान्यात नको. का, ते पुढे येतंच.

आता अडकलेल्या मालाकडे. पीसीआर पॉझिटिव्ह आणि प्लेट रिकामी, याचा अर्थ ‘पीसीआर चुकला’ असा लगेच काढू नका, आणि प्लेटला सर्वज्ञही मानू नका. प्रयोगशाळेला पहिला प्रश्न विचारा: सीटी किती होता? रात्रभर वाढवलेल्या ब्रॉथमधून १९ सीटी आला असेल तर त्यात काहीतरी सपाटून वाढलंय, मेलेल्या पेशींचा उरलासुरला डीएनए सहसा इतका जोर दाखवत नाही. अशा वेळी माझा संशय प्लेटवर जातो. एक्सएलडी प्लेटवर साल्मोनेलाची कॉलनी लालसर आणि मध्ये काळी दिसते, असं आपण पाठ केलेलं असतं. पण प्रोटियस आणि सिट्रोबॅक्टरही काळा ठिपका दाखवतात आणि खरा साल्मोनेला त्या गर्दीत हरवतो. काही साल्मोनेला लॅक्टोज पचवून पिवळे दिसतात, काही हायड्रोजन सल्फाइड बनवत नाहीत, म्हणजे काळा ठिपकाच नाही. त्यांना ‘साधी कॉलनी’ म्हणून सोडून दिलं जातं. उलट सीटी ३७ असेल तर मी दोन गोष्टींचा विचार करते. मसाला भाजताना मेलेल्या पेशींचा डीएनए, किंवा प्रयोगशाळेतलीच भेसळ, म्हणजे दुसरीकडून उडून आलेला डीएनए.

जिवंत आणि मेलेल्या पेशींत फरक करायची एक स्वस्त युक्ती आहे, आणि ती किटच्या पुस्तिकेत सहसा नसते. ब्रॉथ बनवल्या बनवल्या, इन्क्युबेटरमध्ये ठेवण्याआधी, १ मिली काढून फ्रीजरमध्ये ठेवायचा. दुसऱ्या दिवशी ब्रॉथ पॉझिटिव्ह आला तर हा शून्य तासाचा नमुनाही लावायचा. शून्य तासाला काहीच नाही किंवा ३६, आणि १८ तासांनी २०, म्हणजे काहीतरी जिवंत होतं आणि वाढलं. शून्य तासाला ३५, १८ तासांनीही ३५, म्हणजे काहीच वाढलं नाही, तुम्ही मढी मोजताय. यासाठी पीएमए नावाचा रंगही मिळतो. तो फाटक्या आवरणाच्या पेशींत शिरतो आणि प्रखर उजेडात त्यांच्या डीएनएला कायमचा चिकटतो, मग तो डीएनए दुप्पट होत नाही. पण मसाल्यासारख्या गढूळ नमुन्यात उजेड आतपर्यंत पोचत नाही, त्यामुळे मी त्यावर फार विसंबत नाही. शून्य तासाची युक्ती बरी.

पुढचं काम: तोच ब्रॉथ शिल्लक असेल तर त्यातून पुन्हा निवडक ब्रॉथ (इतर जिवाणूंना दाबून साल्मोनेलाला वाढू देणारे), म्हणजे आरव्हीएस ४१.५ अंशांना आणि एमकेटीटीएन ३७ ला, आणि तिथून दोन वेगवेगळ्या प्रकारच्या प्लेट. कॉलन्या पाच-सहा उचला, दिसायला ‘नमुनेदार’ नसलेल्याही. शिवाय दुसऱ्या जनुकावर पीसीआर. बहुतेक किट इन्व्ह-ए हे जनुक शोधतात, मग टीटीआर या जनुकावरचे प्रायमर लावून बघा.

एक गोष्ट मात्र करू नका, आणि कुणी करा म्हटलं तरी करू नका. गोदामातून नवीन २५ ग्रॅम घ्यायचे, ते निगेटिव्ह आले की पहिला रिपोर्ट ‘चुकून आला’ म्हणायचं आणि माल सोडायचा. हे सर्रास चालतं. अहो, जिवाणू मसाल्यात साखरेसारखा विरघळलेला नसतो, ढेकळात असतो. लॉटच्या शंभर भागांपैकी दहा भाग दूषित आहेत असं धरा. पाच नमुने घेतले आणि सगळी पद्धत निर्दोष चालली, तरी पाचही स्वच्छ निघायची शक्यता ५९ टक्के. शंभरात पाचच भाग दूषित असतील तर ते ९५ टक्के खात्रीनं पकडायला साठ नमुने लागतात. ज्या नमुन्यात सापडला तो सापडला, दुसऱ्या नमुन्याचं निगेटिव्ह त्याला खोडून काढत नाही. शंका काढायची असेल तर त्याच ब्रॉथकडे, त्याच डीएनएकडे जायचं. लॉट धरून ठेवा. वाफेनं निर्जंतुक करून घ्यायचा पर्याय असेल तर मालकांशी तो बोला.

प्रयोगशाळेतल्या भेसळीबद्दल म्हटलं, त्यावर माझीच एक गोष्ट. सुरुवातीच्या काळात मी जिथे होते तिथे रिअल-टाइम मशीन नव्हतं, पीसीआर झाला की ट्यूब उघडून आतला डीएनए जेलवर सोडायचा आणि त्याच्या पट्ट्या बघायच्या. अशा एका ट्यूबमध्ये शेवटी अब्जावधी प्रती असतात, झाकण उघडताना उडालेल्या न दिसणाऱ्या तुषारातही लाखो. एका आठवड्यात आमचा एनटीसी, म्हणजे नुसतं पाणी घातलेली ट्यूब, पॉझिटिव्ह यायला लागला. पाणी बदललं, प्रायमर नवे मागवले, पिपेट उघडून हायपोक्लोराइटनं पुसले, टेबलं पुसली. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा पट्टी. तीन आठवडे रिपोर्ट बंद. खोल्या वेगळ्या होत्या, अॅप्रन वेगळे होते, मग येतंय कुठून? शेवटी आमच्या प्रमुख बाईंनी नोंदीचं रजिस्टर कापसाच्या बोळ्यानं पुसून तो बोळा लावायला सांगितला. ठणठणीत पॉझिटिव्ह. जेलच्या खोलीत पट्ट्यांची नोंद करायची, तेच रजिस्टर बगलेत मारून मिक्स बनवायच्या खोलीत यायचं आणि टेबलावर उघडायचं. आम्ही माणसांना रस्ते आखून दिले होते, वहीला नाही. आजही मी नव्या प्रयोगशाळेत गेले की आधी विचारते, नोंदी कुठे लिहिता? हल्ली बंद ट्यूबमध्येच काम होतं, बऱ्याच किटमध्ये यूएनजी नावाचं एन्झाइम असतं, ते मागच्या पीसीआरच्या प्रती सुरुवातीलाच तोडतं. पण पॉझिटिव्ह कंट्रोलचा मूळ डीएनए ते तोडत नाही, आणि तो तर प्रत्येक रनला बाटलीतून काढावाच लागतो.

ट्यूबमध्ये डीएनए सापडला तरी तो कशाचा पुरावा आहे, हाही प्रश्न उरतोच. दोन उदाहरणं देते.

पेढा, खवा, बासुंदी यांतून होणारी विषबाधा बऱ्याचदा स्टॅफिलोकॉकस ऑरियसची असते, हाताळणाऱ्याच्या हातावरून, नाकातून आलेला. खाल्ल्यावर तासा-दोन तासांत, फार तर सहा तासांत उलट्या. हा आजार जिवाणूमुळे नव्हे तर त्यानं आधीच बनवून ठेवलेल्या विषामुळे होतो, आणि ते विष उकळूनही टिकतं. बासुंदी आटवताना जिवाणू मेले, रात्रभर वाढवूनही काही उगवलं नाही, पीसीआर क्षीण किंवा निगेटिव्ह, आणि तरी बासुंदी विषारी. उलट विषाचं जनुक सापडलं म्हणजे विष बनलंच असंही नाही. तिथे विष थेट मोजणारी एलायझासारखी चाचणीच हवी. शिजवून बाहेर राहिलेल्या भातातल्या बॅसिलस सेरियसचंही तसंच, त्याचं ओकारीचं विष तर ऑटोक्लेव्हलाही पुरून उरतं. आणि उपासाच्या भगरीच्या विषबाधेत संशय बहुधा बुरशीच्या विषावर असतो, तिथे जिवाणूंचा पीसीआर लावून काय हाती लागणार? दरवर्षी एखादा तरी फोन येतो मला.

दुसरं उदाहरण जर्मनीचं, २०११ सालचं. ई. कोलायच्या उद्रेकात सुमारे ३,९०० लोक आजारी पडले, पन्नासहून जास्त दगावले. आधी काकडीवर आळ आला, शेवटी धागा पोचला मेथीच्या मोडांपर्यंत. आपल्या ओळखीचीच मेथी, बी इजिप्तहून आलेलं. तो जिवाणू ओ१०४:एच४ या प्रकारचा होता. त्यात शिगा विषाचं एसटीएक्स-२ जनुक होतं, पण अशा ई. कोलायमध्ये नेहमी शोधलं जाणारं ईएई नव्हतं. ज्यांच्या पीसीआरची रचना ‘ओ१५७ (ई. कोलायचा नेहमीचा धोकादायक प्रकार) शोधा’ किंवा ‘दोन्ही जनुकं असतील तरच धोका’ अशी होती, त्यांच्यासाठी तो अदृश्यच. पीसीआर विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतो. उलटा घोटाळाही होतो. ब्रॉथ म्हणजे जत्रा, एसटीएक्स एका जिवाणूत आणि ईएई दुसऱ्याच जिवाणूत असू शकतं, किंवा एसटीएक्स नुसतं मोकळ्या फाजमध्ये, म्हणजे जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूत. ट्यूबमध्ये दोन्ही चमकतात. दोन्ही एकाच पेशीत आहेत हे सांगायला शेवटी एक कॉलनी हातात हवीच. शिवाय कॉलनी असेल तर तिचा संपूर्ण जनुकक्रम वाचून रुग्णाकडच्या जिवाणूशी जुळवता येतो. म्हणून पीसीआर आल्यावर प्लेट अडगळीत टाकणाऱ्यांचं मला पटत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदोशी भागात गिलियन-बारे या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) तपासलेल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय सापडला, काहींत नोरोव्हायरस. त्या आठवड्यात मला ओळखीच्यांचे फोन: आमचं पाणी, आमचं चिकन पीसीआर करून द्या. कॅम्पायलोबॅक्टर हा नखरेल जिवाणू, त्याला ऑक्सिजन पाच टक्केच हवा, तापमान ४२ च्या आसपास, आणि प्लेटवर सहज येत नाही. त्यामुळे डीएनए पद्धत इथे खरोखर मोठी मदत आहे. पण पोट बिघडल्यानंतर गिलियन-बारे दिसायला एक ते तीन आठवडे लागतात. तोवर खाल्लेलं चिकन संपलेलं, विहिरीत क्लोरीन पडलेला. आज फ्रीजमधल्या तुकड्यात काय आहे यावरून तीन आठवड्यांपूर्वीच्या घासाचा न्याय करता येत नाही, हे फोनवर समजावताना माझी दमछाक झाली होती.

डीएनए वाढवायच्या लॅम्प या दुसऱ्या पद्धतीबद्दल सध्या बरंच ऐकू येतं: साठ-पासष्ट अंशांचं एकच तापमान, महागडं मशीन नको. पद्धत चांगली आहे, पण भेसळीला पीसीआरहून हळवी, आणि ब्रॉथची रात्र तीही वाचवत नाही.

आता मशीनचं. माझं मत: घेऊ नका. पैशांचा प्रश्न नंतरचा. साल्मोनेला किंवा लिस्टेरिया शोधायचा म्हणजे तो रात्रभर वाढवायचा. पॉझिटिव्ह निघाला तर तुमच्या इन्क्युबेटरमध्ये पाव लिटर रोगजंतू तयार, आणि भिंतीपलीकडे श्रीखंड भरण्याची लाइन. त्या ब्रॉथला ऑटोक्लेव्ह, जैवसुरक्षा कॅबिनेट, वेगळी हवा, वेगळी माणसं लागतात. तुमच्या विभागात दोन माणसं आहेत, आणि त्यातलं एक सकाळी लाइनवर नमुने घ्यायला जाणार. आम्ही वहीवर घसरलो, तुम्ही चपलेवर घसराल. रोगजंतूंची तपासणी एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या बाहेरच्या प्रयोगशाळेत होऊ दे, आणि कायदेशीर वादाचा नमुना असेल तर ठरवून दिलेल्या पद्धतीनंच.

ते पैसे कारखान्यात लावा. आठवड्याला स्वॅब: ड्रेनची जाळी, पनीर कापायच्या टेबलाचा खालचा भाग, भरण्याच्या मशीनचं रबरी सील, शीतगृहाच्या दारापाशी साचणारं पाणी. लिस्टेरिया फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि अशाच ओल्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं संसार थाटतो. स्वॅब घ्या, वाढवू नका, शीतपेटीतून बाहेर पाठवा. मसाल्याकडे ओलावा शोधा. भाजणीनंतर माल थंड करायच्या जागेवर छतावरून थेंब पडतो का ते पहाटे स्वतः जाऊन बघा, कारण भाजून स्वच्छ झालेल्या मसाल्यात साल्मोनेला बऱ्याचदा अशाच ओलाव्यातून परत शिरतो.

नमुना पाठवताना फॉर्मवर फक्त ‘मसाला’ लिहू नका. लवंग-दालचिनी किती टक्के, भाजलेला की कच्चा, तेल आहे का, लसूण आहे का, लिहा. आमच्या मालात पेशी सोडून तुमची पद्धत पडताळली आहे का, ब्रॉथचं प्रमाण काय घेता, शून्य तासाचा १ मिली ठेवाल का, हे आधीच विचारा. आणि नमुना बुधवारी पाठवू नका. बुधवारी दुपारी बनलेला ब्रॉथ गुरुवारी सकाळी इन्क्युबेटरमध्ये असतो, आणि गुरुवार हा महावितरणचा देखभालीचा वार. वीज गेली, जनरेटर उशिरा लागला, तापमान तासभर २८ वर आलं, की जिवाणूंची वाढ मंदावते. पाठवावाच लागला तर रिपोर्टसोबत त्या रात्रीचा तापमानाचा आलेखही मागून घ्या.